सांझीतली माझी गाय

मंगळवार, ४

लेकीनं ही वही कुरिअरनं पाठवली. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही बोलत तर नाही, निदान लिहा. बोलत नाही हा आरोप खोटा आहे. दर रविवारी मी तिला इथल्या हवेबद्दल सविस्तर सांगतो.

तर, लिहितो. तब्येत उत्तम. निवृत्तीचं आयुष्य मजेत चाललंय. जन्मभर विमा कंपनीत बसून लोकांचे दावे नामंजूर केले, आता आराम. सकाळी उठायची घाई नाही, त्यामुळे बहुतेक सकाळी उठत नाही. संध्याकाळी चहात बिस्किटं बुडवून खातो, म्हणजे एकच कप धुवावा लागतो. ही असताना ओट्यावर भांड्यांचा केवढा पसारा पडायचा! पलंगाच्या माझ्या बाजूची चादर बदलायला झाली आहे. दुसऱ्या बाजूची स्वच्छच आहे. दाढी वाढवून बघतोय. आरशाचं मत अजून तरी प्रतिकूल आहे.

पान भरलं. लेकीला कळवायला हरकत नाही.

बुधवार, ५

आज दादा आला. आला म्हणजे, दार मोडायच्याच बेतात होता. मी पडलो होतो. फोन सकाळपासून स्वयंपाकघरात अधूनमधून वाजत होता, तेवढ्यासाठी कोण उठणार. मग दारावर थापा सुरू झाल्या आणि माझ्या नावानं हाका. उघडलं तर सत्तरीचा माणूस, सगळे जिने एका दमात चढून आलेला, शर्टाची बटणं वरखाली. पायात चप्पल नाही. बाहेर काढून ठेवली असेल म्हणून बघितलं, तिथंही नव्हती. विसरभोळेपणा सुरू झालाय वाटतं.

काय झालं, विचारलं. माझ्याकडे नुसता बघत राहिला. खुर्चीत बसवून पाणी दिलं, तर अर्धा पेला शर्टावर सांडला. उजवा हात पानासारखा थरथरत होता.

"दादा, हात कधीपासून असा?" मी विचारलं.

त्यानं हाताकडे बघितलं. असं बघितलं की तो हात कुणा पाहुण्याचा असावा. मग म्हणाला, "हेच सांगायला आलोय, धाकट्या. आता कातर धरवत नाही."

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांझीचं कागदकाम चालत आलंय. कृष्णाची चित्रं कागदात बारीक कातरीनं कापायची. अशा कापलेल्या कागदाला खाका म्हणतात. देवळातल्या ओट्यावर एकावर एक खाके ठेवायचे आणि त्यांच्या भोकांतून कोरडा रंग चाळून जमिनीवर चित्र उतरवायचं. संध्याकाळी उतरवायचं म्हणून सांझी. आमच्या वडिलांनंतर, म्हणजे अण्णांनंतर, हे फक्त दादाला येतं. देवळातले जुने खाके ओल लागून गेले म्हणून यंदा सगळा संच नव्यानं कापायचाय, आणि हात नेमका आत्ता गेला.

दादा म्हणाला, तू ये, मी सांगतो तसं काप. मी त्याला आठवण करून दिली की माझ्या लहानपणी अण्णांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले होते आणि निकाल दिला होता, याला कुठंतरी सह्या करायला बसवा. त्याप्रमाणे मी बसलोही. दादा म्हणाला, अण्णांचं अण्णांपाशी, तू उद्या दहाला ये.

बिचारा. माझ्यावर भिस्त ठेवायची वेळ आली, म्हणजे परिस्थिती किती वाईट असेल. दाढी केली. कलावंताला दाढी शोभते, पण केस कागदावर पडतात म्हणे.

शनिवार, ८

रोज जातोय. दादाचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी बैठं मेज, त्यावर पाट, पाटावर कागद. कातर बोटभर लांबीची. ती फिरवायची नाही, कागद फिरवायचा, हे पहिलं. कापून टाकलेलं चित्र नसतं, उरलेलं चित्र असतं, हे दुसरं. आणि उरलेलं सगळं कुठं ना कुठं एकमेकांना धरून राहिलं पाहिजे, म्हणून मध्येमध्ये केसाएवढे सांधे सोडायचे. सांधा कापला गेला की डोळा चेहऱ्यातून गळून पडतो. माझ्या हातून आजवर बरेच डोळे गळाले. सगळे वहिनीनं केर काढताना गोळा केले.

मला गाई दिल्या आहेत. कृष्ण मध्यभागी, तो दादानं हात जायच्या आधीच कापून ठेवलाय. भोवती गाई, मोर, झाडं. पहिल्या गाईला पाय लावलेल्या पेटीची कळा आली. दादानं ती उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, तोंड कुठल्या बाजूला आहे. मी दाखवलं. म्हणाला, मग ठीक.

दुपारी वहिनी जेवायला थांबवतेच. उरलेलं वाया जातं म्हणते. दोन माणसांच्या घरात रोज बरोबर एका माणसाचं उरतं. वहिनीचा अंदाज कधीपासून चुकायला लागला कोण जाणे.

सोमवार, १०

दादाचा आजार विचित्र आहे. कातर घेतली की हात थरथरतो. पण आज वहिनीला सुईत दोरा ओवता येईना, तर यानं तिच्या हातातून सुई घेतली आणि बोलता बोलता एका दमात ओवली. मी म्हटलं, अरे वा. त्याबरोबर सुई खाली पडली आणि हात पुन्हा सुरू. नसांचं काहीतरी असणार. मोठ्या डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर दोघंही एकदम म्हणाली, नको.

वहिनीचीही तब्येत बरी दिसत नाही. मी फाटकाशी पोचतो न पोचतो तोच तिला आतून खोकल्याची जोरदार उबळ येते. मी खोलीत शिरलो की थांबते. येताना औषधाची बाटली घेऊन गेलो. वहिनीनं माझ्यासमोर चमचाभर घेतलं आणि असं तोंड केलं की काही विचारू नका. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याचे खांदेही थरथरत होते. आजार पसरतोय.

गुरुवार, १३

काल मोठा अपराध घडला. दादानं कापून ठेवलेल्या कृष्णाच्या बासरीपाशी एक सांधा रुंद दिसत होता. म्हटलं, जरा बारीक करू. बासरी खाली पडली. नुसती नाही, दोन बोटं घेऊन पडली. दादा डोळे मिटून बसला. मग म्हणाला, जा घरी, उद्या बघू.

घरी जायचं सोडून बागेत जाऊन बसलो. एक माणूस जन्मभर एक काम करतो आणि त्याचा भाऊ एका दुपारी त्याचे हात तोडून ठेवतो.

आज भीत भीत गेलो तर बासरी जागेवर! बोटंही. सांधा कुठं जोडलाय ते शोधून दिसेना. दादा म्हणाला, चिकटवलं वहिनीनं. चांगला कागद रात्रीतून आपोआप बसतो. मला हे नवीन होतं. नीट पाहिलं तर माझा परवाचा मोरही बसला होता. पिसारा मी कापला त्याहून कितीतरी नाजूक दिसत होता. अण्णांनी माझे हात ओळखलेच नाहीत. चांगल्या कागदावर माझं काम एक दिवस मुरायला हवं, एवढंच.

रविवार, १६

लेकीचा फोन. तिला सांझीबद्दल भरपूर सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, आई असती तर... मी तिला सांगितलं की इथं कालपासून वारा पश्चिमेचा आहे. ती म्हणाली, हो का.

मंगळवार, १८

पुजारीबुवा काम बघायला आले होते. खाके उजेडाकडे धरून फार खूष झाले. मोराकडे बोट दाखवून म्हणाले, हात तोच आहे हो, तुमच्या अण्णांचा. मी मान किंचित खाली घातली. थोरामोठ्यांच्या चित्रांत पाहिलंय तशी. दादाला एकदम कसलंसं काम आठवलं आणि तो आत गेला. बुवांना मी सांगितलं की आमच्याकडे ही विद्या रक्तातच आहे, जरा उशिरा वर येते.

शनिवार, २२

पाणी आलं नाही म्हणून अंघोळ न करताच लवकर निघालो. म्हटलं दादाकडे करू.

फाटकाशी खोकला नव्हता. वहिनी मागच्या नळावर बादली भरत होती, नळाचा आवाज येत होता. खिडकी उघडी होती. दादा पाटासमोर बसला होता. उजव्या हातात कातर होती, आणि ती अशी चालली होती की मला लहानपणीचे अण्णा आठवले. कागद आपणहून फिरत होता. चुरा पावडरीसारखा खाली पडत होता. हात दगडासारखा स्थिर.

पाटावर माझा कालचा कदंब होता. दादा त्याची पानं पुन्हा कापत होता.

मागे फिरलो. वळताना वहिनी बादली घेऊन कोपऱ्याशी उभी दिसली. मी दिसलो नाही असं समजून चालायला लागलो.

जन्मभर मी खोटे दावे पकडले. मोडक्या पायाची माणसं फाटकापासून कशी झपझप चालतात, ते खिडकीतून बघायचो आणि फाईलवर शेरा मारायचो. आणि इथं माझ्यासमोर, हातभर अंतरावर, एक माणूस रोज दहा ते एक थरथरत होता आणि मी त्याच्यासाठी डॉक्टर शोधत होतो. वहिनीला औषध पाजत होतो. बुवांसमोर मान खाली घालत होतो. कागद रात्रीतून बसतो म्हणे!

मंगळवार, २५

गेलो नाही. फोन वाजला, उचलला नाही. बिस्किटं संपली होती, नुसता चहा घेतला. मला खेळायला म्हणून कागद दिला होता. त्या दोघांची मी गेल्यावर किती करमणूक होत असेल. पडून होतो. दुपार झाली, मग बहुधा संध्याकाळ.

बुधवार, २६

वहिनी आली. एकटीच, जिने चढून. मी दार उघडताच तिनं औषधाची बाटली माझ्या हातात दिली.

"हे तुमचं. मला खोकला नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, कळलं ते मला. तिनं आत येऊन ओट्यावरचा एकुलता एक कप पाहिला, पलंग पाहिला, खिडकी उघडली आणि बसली. मी जमेल तितक्या ताठ आवाजात सांगितलं की माणसानं माणसाला असं बनवू नये, मी काही लहान नाही, आणि दादाला माझी गरज नव्हती तर त्यानं तसं सांगायला हवं होतं. भाषण बरं चाललं होतं. वहिनीनं ते पूर्ण होऊ दिलं.

मग म्हणाली, "भावजी, त्या दिवशी यांनी सकाळपासून तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत. हे तसेच अनवाणी धावले. तुम्ही दार उघडलंत तेव्हा यांचा हात थरथरत होता ना, तो खराच थरथरत होता. तुम्ही विचारलंत, हात असा का. काय सांगणार होते? वाटलं, तू जिवाचं काही करून घेतलंस, असं तुमच्या तोंडावर सांगणार?"

मी म्हटलं, "मी नुसता झोपलो होतो, वहिनी."

"ते तुम्हाला ठाऊक. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार?"

झोपलो होतो हे खरं आहे. फोन ऐकत पडलो होतो आणि वाजवणारा कधी कंटाळेल याची वाट बघत होतो, हेही खरं आहे. कंटाळल्यावर पुढं काय, ते मी तेव्हा ठरवलं नव्हतं. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

वहिनीनं कप धुतला. घरी आल्यावर यांना हात थांबवताच येईना, तिनं सांगितलं. मग म्हणाले, थांबायला नकोच, म्हणजे धाकट्याला रोज यायला कारण राहील. जाताना दारात वळून म्हणाली, तुमची एक गाय अर्धवट राहिली आहे, शेपटीकडून. बाकी सगळं यांनी सुधारलं, पण तिला हात लावत नाहीत. का, विचारलं मी. म्हणाली, यांचं म्हणणं, ती इतकी तुमची आहे की सुधारायला गेलं तर दुसरीच होईल.

गुरुवार, २७

गेलो. दहाला. फाटकाशी शांतता.

दादा पाटाशी बसला होता. वहिनी माझ्याकडे येऊन गेल्याचं त्याला माहीत होतं की नाही, मला कळेना. त्यालाही मला काय माहीत आहे ते कळत नसावं. मी माझ्या जागेवर बसलो, गाय पुढ्यात ओढली. तो कातर माझ्याकडे सरकवायला लागला आणि मध्येच बहुधा आठवण झाली. हात थरथरायला लागला.

मी थोडा वेळ बघितलं. मग म्हटलं, "दादा, तुझा उजवा थरथरायचा. हा डावा आहे."

त्यानं डाव्या हाताकडे बघितलं, मग उजव्याकडे. आणि हसायला लागला. मला रागच धरून ठेवायचा होता, पण हा माणूस हसताना अगदी लहानपणी हसायचा तसा, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत हसतो. मग मीही हसलो. कागदाचा चुरा सगळीकडे उडाला. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, झालं ना एकदाचं, आता ते औषध मला कुणी देऊ नका.

मग आम्ही काम केलं. तो कृष्णाच्या मागची झाडं कापत होता, मी शेपटी. त्याचं कापणं आता उघडपणे बघता येत होतं, त्यामुळे माझं जास्तच वाईट दिसायला लागलं. जायला उठलो तेव्हा म्हणाला, उद्या दहाला ये. मी विचारलं, कशाला? हात तर बरा झाला तुझा. तो पाटावरचा चुरा झटकत म्हणाला, "सवय झाली रे."

शनिवार, ५

आज देवळात सांझी उतरवली.

सभामंडपातला ओटा मातीनं सारवून काचेसारखा गुळगुळीत केला होता. दुपारपासून आम्ही दोघं गुडघ्यांवर. एक खाका ठेवायचा, मलमलीच्या पुरचुंडीतून रंग चाळायचा, खाका उचलायचा, दुसरा ठेवायचा. शिंकायचं नाही. मला दिवसभर शिंक येत होती. दादानं मला फक्त पांढरा रंग दिला, कारण त्यात चूक कमी दिसते.

शेवटचा मोठा खाका उचलताना त्यानं समोरचे दोन कोपरे मला धरायला सांगितले. सरळ वर, श्वास रोखून. लोक जमले होते. माझे हात थरथरायला लागले. खरेच. दादानं पलीकडून माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, घाई नाही. मग आम्ही उचललं.

खाली कृष्ण होता. बासरी होती, बोटं होती. काठाला मोर, मध्ये गाई, आणि डाव्या कोपऱ्यात ती. लोकांनी हात जोडले. एका लहान मुलीनं आईला विचारलं, आई, ते कोपऱ्यातलं काय आहे? आई म्हणाली, देवाचं काहीतरी असेल, नमस्कार कर. मुलीनं माझ्या गाईला नमस्कार केला.

मी वळलो, हिला सांगायला. हे ऐकलंस का, म्हणणारच होतो. शेजारी एक अनोळखी बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, काय?

मी म्हटलं, काही नाही.

रविवार, ६

सकाळी सांझी पुसायची असते. रंग गोळा करून वाहत्या पाण्यात सोडायचा, ओटा मोकळा करायचा. अण्णांच्या वेळेपासून तसंच. बुवांनी मऊ केरसुणी दादाच्या हातात दिली, दादानं ती माझ्या हातात दिली.

कडेनं सुरुवात केली. मोर गेले. झाडं गेली. पिवळा, निळा, लाल, सगळे एकमेकांत मिसळून राखेसारखे झाले. गाईपाशी आलो आणि पुढं हात चालेना. अर्धी पुसली होती. म्हटलं, वारा आहे, डोळ्यांत रंग गेला. मग तेही म्हणवेना. ओट्यापाशी खालीच बसलो आणि रडलो. भर देवळात, केरसुणी मांडीवर घेऊन, वयाचा विचार न करता, चांगला मोठ्यानं. पुजारीबुवा लगबगीनं आले आणि माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, काका, मन लहान करू नका, पुढच्या वेळी गाय नक्की जमेल.

दादानं त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्या शेजारी बसला.

"ही गेली, दादा," मी म्हटलं.

"हो रे," तो म्हणाला.

एवढंच. मला उठवायला तो गेला नाही. बऱ्याच वेळानं उरलेला रंग आम्ही दोघांनी मिळून भरला आणि नदीवर नेऊन सोडला.

घरी येऊन लेकीला फोन लावला. मी लावला म्हणून ती घाबरलीच. तिला म्हटलं, तुझी आई गेली गं. ती हळूच म्हणाली, बाबा, मला माहीत आहे. मी म्हटलं, हो, तू होतीस की तेव्हा. मला आज कळलं. मग आम्ही दोघं फोनवर रडलो. हवेबद्दल काहीच बोललो नाही. मधेच तिला आईच्या ओट्यावरचा पसारा आठवला आणि ती रडता रडता हसायला लागली. खूप वेळ ती आईबद्दल बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. आणखीही बोलली असती, पण मीच म्हटलं, आता ठेव, संध्याकाळी पुन्हा करतो. वहिनी जेवायची थांबली आहे.